पुढची काच किती काळी असावी?

आज मी बोलणार आहे काचेविषयी. आरशाच्या नव्हे, खिडकीच्याही नव्हे. गाडी किंवा बोट चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जी काच असते तिच्याविषयी. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमचा शहापूर-मुरबाडचा मुलूख डोंगराचा. आमच्याकडे बोटी कुठल्या? खरं आहे. आपल्याकडे भातसा आहे, तानसा आहे, बारवीचं धरण आहे. पण त्यांच्या पाण्यावर मासे धरायला फिरते ती साधी होडी. तिला काच नसते. तरीसुद्धा हा प्रश्न मला विचारला गेला तो मुरबाड तालुक्यातल्याच एका माणसाने, आणि तो प्रश्न ऐकून माझी झोप उडाली. का उडाली ते सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वर्गात हुशार होता. पण घरची ओढाताण, म्हणून दहावीनंतर जीप चालवू लागला. सकाळी मुरबाडहून सरळगाव, टोकावडे करीत माळशेजच्या पायथ्यापर्यंत, नाहीतर सरळगावाहून किन्हवलीमार्गे शहापूर, आणि तिथून आसनगाव स्टेशन. त्याची बहीण करंजाला दिली आहे. मेहुण्यांची मासेमारीची बोट आहे. यंदा त्यांनी बोटीला नवी केबिन बांधायला काढली, आणि हा त्यात भागीदार झाला. परवा तो घरी आला, ओटीवर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, केबिनच्या पुढच्या काचेला काळी फिल्म मारायची आहे. पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घुसते. किती काळी घेऊ? दुकानदार म्हणतो, जितकी काळी तितका आराम."

मी गप्प झालो. कारण हाच प्रश्न त्याने मला पूर्वी एकदा विचारला होता, जीपच्या काचेसाठी. आणि तेव्हा मी शहाणपणाने उत्तर दिलं होतं, "लाव बाबा, ऊन लागतं ना? लाव." मी विज्ञानाचा शिक्षक. माझा शब्द त्याने प्रमाण मानला.

ती गोष्ट २०१० सालची. आषाढ महिना. तिन्हीसांजेची वेळ, झिमझिम पाऊस. मी त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर होतो. टोकावड्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन, अंगावर इरलं पांघरून चालली होती. त्याला ती दिसली नाही. खरं सांगायचं तर मलाही दिसली नाही. दिसली तेव्हा फार थोडं अंतर उरलं होतं. त्याने गाडी वळवली, मोळीला धक्का लागला, बाई चरात पडली. देवाची दया म्हणून मनगट मोडण्यावर निभावलं. तिला दवाखान्यात नेताना पोरगा रडत होता आणि म्हणत होता, "मी हळूच चालवत होतो हो गुरुजी." तो खरंच हळू चालवत होता. चूक वेगाची नव्हती. चूक त्या काचेची होती, आणि ती काच माझ्या शब्दावर काळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने फिल्म खरवडून काढली. मी मात्र तेव्हापासून या विषयाचा अभ्यास करीत आलो आहे. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट उजेडाच्या मोजमापाची. जमिनीवर पडणारा उजेड मोजायचं माप आहे, त्याला लक्स म्हणतात. भर दुपारी उघड्या रानात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात तो पाव लक्सच्या आसपास. पाहा, केवढी तफावत! आणि आपला डोळा या दोन्ही ठिकाणी काम करतो. दुपारी तो बाहुली आकसून घेतो, रात्री ती मोठी करतो, आणि आतला पडदाही हळूहळू अंधाराला सरावतो. पण हा सराव व्हायला वेळ लागतो. लख्ख उजेडातून गडद अंधारात गेल्यावर डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो.

आता काळी फिल्म काय करते? समजा तिच्यातून शंभरातला पस्तीस भाग उजेड आत येतो. भर दुपारी एक लाखाचे पस्तीस हजार झाले. डोळ्याला काही कमी पडलं नाही. उलट बरं वाटलं. दुकानात फिल्म दाखवतात तीही दुपारीच. पण तिन्हीसांजेला, पावसात, बाहेर दहाच लक्स उरलेत, तेव्हा दहाचे साडेतीन होतात. म्हणजे जिथे भरपूर आहे तिथून ती थोडं घेते, आणि जिथे मुळातच तुटवडा आहे तिथूनही त्याच हिशेबाने घेते. सावकाराच्या व्याजासारखं आहे हे. सुगीत जाणवत नाही, दुष्काळात घर बुडवतं.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. शिक्षकमित्रांनी ही जरूर मुलांना सांगावी. काचेवर काच आली की टक्के वजा होत नाहीत, गुणले जातात. मूळ काचेतून सत्तर टक्के उजेड येतो आणि तिच्यावर पन्नास टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येतो पस्तीस टक्के. त्यात चालवणाऱ्याने डोळ्यांवर पंधरा टक्क्यांचा काळा चष्मा चढवला, तर पस्तीसाचे उरले जेमतेम पाच. काच मळकी असेल, चरे पडले असतील, तर तेवढेही नाहीत. दुकानदार पन्नास सांगतो, पण डोळ्याला मिळतात पाच.

आणि डोळाही सगळ्यांचा सारखा नसतो. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या पोराच्या सुमारे एक-तृतीयांशच भरतो. करंजाची ती बोट चालवणारा तांडेल साठीला टेकलेला आहे. फिल्म निवडायला गेला आहे पस्तिशीतला माझा विद्यार्थी. तेव्हा निवड कोणाच्या डोळ्यांनी करायची, हाही प्रश्न आहे.

आता कायद्याकडे वळू. मोटारगाड्यांसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम आहे. तो सांगतो की गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल देऊन काचांवर वरून काळी फिल्म चिकटवायला बंदी केली, मग ती कितीही टक्क्यांची असो. पुढे नियमात सुधारणा झाली. १ एप्रिल २०२१ पासून प्लास्टिकचा थर असलेल्या प्रमाणित सुरक्षा-काचेला त्यात जागा मिळाली, आणि २०२४ साली केरळच्या उच्च न्यायालयाने त्या आधारावर ठरलेल्या मर्यादेतील फिल्मला मुभा दिली. पण ७० आणि ५० हे आकडे कोणी बदलले नाहीत. म्हणून आपल्याकडच्या गाडीवाल्यांना माझं सांगणं एवढंच की, दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. परिवहन कार्यालयात विचारा, आणि मगच काय ते करा.

समुद्रावर काय नियम आहे? मोठ्या जहाजांसाठी समुद्रातील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. १ जुलै १९९८ नंतर बांधलेल्या, ५५ मीटर किंवा त्याहून लांब जहाजांच्या बाबतीत तो स्पष्ट बजावतो की, जिथून जहाज चालवलं जातं त्या जागेच्या खिडक्यांना रंगीत काच बसवू नये, आणि ध्रुवित काचही बसवू नये. विचार करा, ज्यांना काच निवडायला हवे तेवढे पैसे आहेत, हवे तेवढे तज्ज्ञ आहेत, त्यांनी ठरवलं की पुढची काच स्वच्छ, पांढरीच हवी. आपल्या मासेमारीच्या बोटीला हा नियम अक्षरशः लागू नसेल. पण त्यातलं शहाणपण घ्यायला काय हरकत आहे?

शिवाय समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांचा पाचवा नियम सांगतो की, प्रत्येक बोटीने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी नीट टेहळणी ठेवली पाहिजे. रात्री ही टेहळणी चालते दिव्यांच्या रंगांवर. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा. ट्रॉलर जाळं ओढत असेल तर वर हिरवा, खाली पांढरा. इतर जाळी टाकून मासेमारी चालली असेल तर वर तांबडा, खाली पांढरा. समोर तांबडा दिसला की कोणती बाजू आपल्याकडे आहे ते कळतं, आणि सुकाणू त्याप्रमाणे वळतं. आता काचेला हिरवी छटा असली तर तांबडा दिवा मंद पडतो. काळ्या काचेतून दोन्ही दिवे मंद पडतात आणि उशिरा दिसतात.

मुलांना हे दाखवायचं असेल तर अगदी सोपा प्रयोग आहे. पुड्याला गुंडाळतात तो रंगीत चकचकीत कागद घ्या, तांबडा आणि हिरवा. टेबलावर तांबड्या, हिरव्या, पिवळ्या दोऱ्याचे तुकडे टाका. हिरव्या कागदातून पाहायला सांगा. तांबडा दोरा काळपट दिसेल. मग काळसर कागदाचे एकावर एक थर ठेवून संध्याकाळी अंगणात पाटीवरची अक्षरं वाचायला सांगा. कितव्या थराला अक्षर दिसेनासं होतं ते मोजा. तोच प्रयोग भर दुपारी करा. गुणाकाराचा धडा पोरं जन्मात विसरणार नाहीत.

इथे माझ्या विद्यार्थ्याने मला अडवलं. म्हणाला, "गुरुजी, ते सगळं कबूल. पण पहाटे बोट बंदराकडे परत येते तेव्हा सूर्य थेट समोर असतो. पाणी तव्यासारखं तापलेलं दिसतं. तांडेलाच्या डोळ्यांतून पाणी येतं. त्याचं काय करू?"

त्याची तक्रार खोटी नव्हती. सकाळी मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या जीपवाल्यालाही हाच त्रास. तेव्हा त्रास नीट ओळखू या. यात दोन वेगळे शत्रू आहेत. एक उष्मा आणि एक चकाकी. काळी फिल्म दोघांवर एकच सोटा चालवते, आणि तिसऱ्यालाच मारते.

आधी उष्मा. सूर्याकडून जमिनीवर येणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. म्हणून काच काळी असणं आणि केबिन थंड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधी रंगवलेली फिल्म उजेड बराच खाते आणि उष्णता थोडीच अडवते. उलट काही फिल्म जवळजवळ पारदर्शक असूनही अवरक्त किरण अडवतात. दुकानात गेलात तर दोन आकडे विचारा: उजेड किती आत येतो आणि उष्णता किती अडते. ज्याला दोन्ही आकडे सांगता येत नाहीत, त्याच्याकडून घेऊ नका. पण त्याआधी फुकटचे उपाय करा. केबिनचं छप्पर पांढरं रंगवा. ते पुढे हातभर काढा, म्हणजे उंचावरचं ऊन काचेवर पडणारच नाही. आपल्या घराला पडवी असते ती कशासाठी? बाजूची आणि मागची झडप उघडी राहील अशी करा, वारा खेळू द्या. मागे, जिथून कोणी पाहत नाही, तिथे काळी फिल्म लावा की हवी तेवढी. बोट आहे, तिथे चालेल.

आता चकाकी. ही मोठी गमतीची गोष्ट आहे. पाण्यावरून तिरपा परावर्तित होऊन येणारा उजेड साध्या उजेडासारखा नसतो. त्याच्या लहरी बव्हंशी आडव्या प्रतलात हलतात. याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. १९२१ साली आपले थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन 'नार्कुंडा' बोटीने विलायतेहून मुंबईला परत येत होते. समुद्र निळा का दिसतो, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता. पाण्याच्या पृष्ठभागावरची चकाकी आड येऊ नये म्हणून त्यांनी खिशात मावेल असा एक खास स्फटिक डोळ्याशी धरला आणि योग्य कोनातून पाण्याकडे पाहिलं. चकाकी विझली, आणि पाण्याचा आतला निळा रंग उघडा पडला.

त्या स्फटिकाचं काम करणारे चष्मे आज बाजारात मिळतात. ध्रुवित भिंगांचा चष्मा म्हणून मागावा. त्यातून आडवी चकाकी अडते, बाकीचा उजेड बराचसा येतो. त्यातही राखाडी भिंग निवडावं, म्हणजे दिव्यांचे आणि निशाणांचे रंग बदलत नाहीत. खरा आहे की खोटा, याची पारख सोपी आहे. विहिरीच्या किंवा धरणाच्या पाण्याकडे तिरपं पाहत चष्मा हळूहळू आडव्याचा उभा फिरवा. चकाकी कमी-जास्त झाली तर तो खरा. साधा काळा चष्मा कितीही फिरवला तरी फरक पडणार नाही.

मग तीच गोष्ट काचेत का नको? कारण चष्मा काढून खिशात ठेवता येतो. काच काढता येत नाही. सूर्य चढला, ढग आले, संध्याकाळ झाली की तांडेलाने चष्मा उतरवला, काम झालं. चिकटवलेली फिल्म मात्र रात्री बारा वाजताही तिथेच असते. एक सावधगिरी मात्र हवी. मासे शोधण्याच्या किंवा दिशा दाखवण्याच्या यंत्राचा पडदा ध्रुवित चष्म्यातून एखाद्या कोनात काळा दिसतो. घाबरू नये; मान थोडी कलती करावी, दिसू लागतो.

आणखी दोन-तीन घरगुती गोष्टी सांगतो. काचेच्या खाली, आतल्या फळीवर, पांढरं फडकं किंवा चकचकीत रंग असला की त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरचं धूसर होतं. जीपमध्ये पुढे प्लास्टिकची फुलं, चमकीचे हार मांडतात, त्यांचंही तेच. देवाला हात जोडा, पण त्याची जागा बाजूला करा. ती फळी मंद काळ्या रंगाने रंगवा. काळा रंग इथे शोभतो. मोठ्या जहाजांच्या खिडक्या वरच्या बाजूने पुढे झुकवलेल्या असतात, दहा ते पंचवीस अंश, तेही आतली प्रतिबिंबं डोळ्यांत येऊ नयेत म्हणूनच. केबिन अजून सुताराच्या हातात असेल तर हा कोन त्याला आजच सांगा, खर्च काही वाढणार नाही.

आणि काच स्वच्छ ठेवा. समुद्राचं मीठ वाळून काचेवर बसतं. ते कोरड्या फडक्याने कधी पुसू नका. मिठाचे कण चरे पाडतात, आणि प्रत्येक चरा सूर्य समोर आला की पेटतो. आधी गोडं पाणी ओता, मग मऊ फडकं. काच प्लास्टिकची असेल तर साबणाच्या पाण्याखेरीज दुसरं तीव्र द्रव्य लावू नका, ती तडकते, धुरकट होते. रात्री केबिनमध्ये लख्ख दिवा लावू नका. मंद तांबडा लावा. अर्ध्या तासाने कमावलेली अंधाराची नजर एका पांढऱ्या बल्बने क्षणात जाते.

शेवटी एक हिशेब. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी जीप एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. समोरचं माणूस एक सेकंद उशिरा दिसलं, तर एवढं अंतर आपण आंधळेपणाने कापलं. बोट सावकाश जाते म्हणावं, तर तिला ब्रेक नसतो.

माझा विद्यार्थी हे सगळं ऐकून घेत होता. चहा गार झाला. मग तो म्हणाला, "गुरुजी, त्या मावशीला मी दिवाळीला साडी देतो दरवर्षी. मनगट वाकडंच बसलं तिचं. भाकरी थापताना दुखतं म्हणते." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे. मीही जातो तिच्याकडे."

तो उठला आणि म्हणाला, "मग पांढरीच काच घेतो. आणि तांडेलाला चष्मा."

श्रोतेहो, काच आपण आपल्या सोयीसाठी काळी करतो. पण तिच्या पलीकडे जो असतो, मोळी घेऊन चाललेली बाई असो, शाळेतून उशिरा परतणारी पोरं असोत, की छोट्या होडीत कंदील लावून बसलेला कोळी असो, त्याला आपण दिसावं की नाही याचा निर्णय त्याच्या हाती नसतो. तो आपल्या हाती असतो. तेव्हा पुढची काच निवडायला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका. तिन्हीसांजेला जा. काच डोळ्यांसमोर धरा, आणि रस्त्याच्या कडेने कोण चाललं आहे ते दिसतं का पाहा. दिसलं तर घ्या.